पायावर पोट: एका मेक्सिकन किकरच्या शेजारी काढलेली वर्षं

गेल्या महिन्यात कोल्हापूरहून भाच्याचा फोन आला. पोरगा अकरावीत आहे, पेठेतल्या संघाकडून खेळतो आणि फ्री किक खरोखर सुरेख मारतो. त्याने कुठेतरी एक व्हिडिओ पाहिला होता. हेल्मेट घातलेला सडपातळ मुलगा दोन-तीन पावलं पळत येतो, दुसऱ्याने जमिनीवर उभा धरलेला लंबगोल चेंडू दोन पिवळ्या खांबांमधून उडवतो आणि अख्खं स्टेडियम उठून उभं राहतं. "मामा, एवढंच करायचं असतंय व्हय? हे मला आत्ता येतंय की! ह्याच्यावर अमेरिकेत फुकट शिकायला मिळतंय म्हणे."

कधीकधी मिळतंही. पण त्या ‘एवढंच’पाशी मी अडलो. मेक्सिकोच्या एका पोराने त्या ‘एवढंच’साठी काय काय केलं ते मी जवळून पाहिलंय. फोनवर सांगायला गेलो तर दोन मिनिटांत भाच्याचा नुसता हुंकार यायला लागला. म्हणून हे लिहून काढतोय. त्याच्यासाठी, आणि असाच विचार डोक्यात असलेल्या इतर पोरांसाठी आणि त्यांच्या आईबापांसाठी.

मी २०१८ साली संख्याशास्त्रात पीएच.डी. करायला पश्चिम टेक्ससमधल्या एका विद्यापीठात गेलो. सपाट मुलूख, दिवसभर वारा आणि शनिवारी फुटबॉल. आपल्याकडे फुटबॉल म्हटलं की डोळ्यांसमोर शाहू स्टेडियम येतं, तिथे मात्र तो शब्द हेल्मेटवाल्यांचा. माझ्या असिस्टंटशिपचे आठवड्याला दहा तास पेपर तपासण्यात जायचे आणि दहा तास खेळाडूंच्या अभ्यासिकेत गणित-संख्याशास्त्र शिकवण्यात. त्या अभ्यासिकेत पहिल्याच दिवशी आमच्याकडून नियमांवर सही घेतली. खेळाडूच्या वहीत आपल्या हाताने एक अक्षर लिहायचं नाही. त्याला कॉफी पाजायची नाही. पाऊस पडत असला तरी गाडीतून घरी सोडायचं नाही. इतर विद्यार्थ्यांना जे मिळत नाही ते खेळाडूला मिळालं की तो नियमभंग, आणि त्याची शिक्षा त्यालाच. चहा पाजल्याशिवाय माणसाशी ओळख कशी करायची, हे मला कळेना.

जानेवारी २०१९ मध्ये मॉन्टेरेचा एक मुलगा माझ्यासमोर येऊन बसला. त्याचं नाव इथे देत नाही. स्पॅनिशमध्ये किक मारणाऱ्याला ‘पातेआदोर’ म्हणतात, मी त्याला तेच म्हणायचो. मी त्याला पहिला प्रश्न विचारला तो वेड्यासारखा होता: मेक्सिकोत हा खेळ खेळतात? तो हसला. नुसतं ‘फुटबोल’ म्हणजे सॉकर, आणि हा ‘अमेरिकानो’. तिथल्या विद्यापीठांमध्ये तो पिढ्यान्‌पिढ्या खेळला जातो. मेक्सिको सिटीत ऊनाम आणि पॉलितेक्निको यांच्यातली चुरस जुनी आहे, मॉन्टेरेत तशीच तेक विद्यापीठाच्या बोर्रेगोस आणि तिथल्या राज्य विद्यापीठाच्या तिग्रेस यांच्यात. विद्यार्थ्यांच्या या खेळाची राष्ट्रीय संघटना ओनेफा १९७८ पासून आहे. २००५ मध्ये एनएफएलने, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगने, आपला नियमित सामना पहिल्यांदा अमेरिकेबाहेर खेळवला तोही मेक्सिको सिटीच्या आस्तेका स्टेडियममध्ये, १,०३,४६७ प्रेक्षकांसमोर. अ‍ॅरिझोनाच्या नील रॅकर्सने त्या दिवशी ६ फील्ड गोल मारले, म्हणजे सहा वेळा किक मारून चेंडू खांबांमधून काढला. माझा पातेआदोर तेव्हा शाळकरी पोर होता. मेक्सिको सिटी समुद्रसपाटीपासून २,२४० मीटर उंच, हवा विरळ, चेंडू लांब जातो. त्यामुळे राजधानीतल्या किकरांच्या व्हिडिओतून पाच यार्ड वजा करून बघायचं, असं तो गमतीने म्हणायचा. मॉन्टेरेचा माणूस राजधानीबद्दल चांगलं कसं बोलेल? आपल्याकडेही पुण्या-मुंबईबद्दल काही वेगळं ऐकू येत नाही.

मेक्सिकन किकरांच्या बाबतीत त्याचं पाठांतर पक्कं होतं. ग्वादलाहाराचा एफ्रेन एरेरा किशोरवयात कॅलिफोर्नियाला गेला, यूसीएलए विद्यापीठासाठी खेळला आणि पुढे डॅलस काउबॉइजकडून सुपर बोल, म्हणजे एनएफएलचा अंतिम सामना, जिंकला. मूळच्या मिचोआकानच्या सेंदेहास घराण्यातले कितीतरी भाऊ आणि चुलतभाऊ किकर झाले. त्यांतल्या लुईसने १९८३ च्या हंगामात अ‍ॅरिझोना स्टेटसाठी २८ फील्ड गोल मारले, तेव्हाच्या विक्रमाएवढे. पण त्याचा लाडका माणूस म्हणजे तोर्रेऑनचा राऊल अलेग्रे. अलेग्रे वॉशिंग्टन राज्यातल्या शेल्टन या गावी शाळेत एक्स्चेंज विद्यार्थी म्हणून आला होता. तिथून मॉन्टाना विद्यापीठ, मग टेक्सस विद्यापीठात सिव्हिल इंजिनिअरिंग, १९८३ पासून एनएफएल आणि जानेवारी १९८७ मध्ये न्यूयॉर्क जायंट्सबरोबर सुपर बोल. "इंजिनिअरिंगही केलं बघ," हे तो दर वेळी जोडायचा. त्याच्या आईला पटवताना हेच वाक्य कामाला आलं होतं म्हणे.

आता कागद. भाच्या, इथे डुलक्या काढू नकोस.

अमेरिकेत विद्यापीठांचा खेळ एनसीएए ही संस्था चालवते आणि परदेशी मुलगा पात्र आहे की नाही हे तिचं पात्रता केंद्र ठरवतं. वरच्या श्रेणीत, म्हणजे डिव्हिजन वनमध्ये खेळायचं तर ठरावीक विषयांचे सोळा कोर्स आणि त्यांत किमान २.३ ची सरासरी लागते. हे मोजतात नववीपासून. मेक्सिकोत नववी म्हणजे ‘सेकुंदारिया’चं शेवटचं वर्ष, त्यानंतर ‘प्रेपाराटोरिया’ सुरू होते. आमच्या पातेआदोरने प्रेपाचे सगळे कागद आणले होते, सेकुंदारियाचा एकही नाही. त्याची जुनी शाळा दुसऱ्या इमारतीत गेली होती, दप्तर कुठे आहे ते कुणालाच माहीत नव्हतं. त्याची आई तीन आठवडे खेटे घालत होती. मूळ गुणपत्रिका, त्यावर शिक्का, शिवाय प्रमाणित इंग्रजी अनुवाद. आपल्याकडे दहावी-बारावीच्या गुणपत्रिका लॅमिनेट करून कपाटात ठेवतात. नववीची कुणी ठेवतं का?

दुसरा घोळ त्याहून मोठा होता. मेक्सिकोत ऑगस्ट ते डिसेंबर २०१८ तो एका विद्यापीठात पूर्णवेळ शिकला होता आणि त्यांच्या संघातून खेळलाही होता. त्याला वाटलं, तो तिकडचा हिशोब, इकडे कोरी पाटी. तसं नसतं. जगातल्या कुठल्याही विद्यापीठात पूर्णवेळ नाव घातलं की डिव्हिजन वनचं घड्याळ सुरू होतं: पाच वर्षं, त्यांत चार हंगाम. मॉन्टेरेत खेळलेला हंगाम वजा. वर एका विद्यापीठातून दुसऱ्यात आलेला म्हणून तेव्हाच्या नियमांप्रमाणे २०१९ चा हंगाम बाकावर. "मला कुणी सांगितलंच नाही," तो म्हणाला. खरंच सांगितलं नव्हतं. इकडच्या ज्या प्रशिक्षकाशी त्याची ईमेलवर बोलणी चालली होती, तो मधल्या काळात नोकरी सोडून दुसरीकडे गेला होता. हेही नेहमीचंच. तिथे प्रशिक्षक बदलतात तेव्हा त्यांनी दिलेले शब्दही त्यांच्याबरोबर जातात. म्हणून जे ठरलं ते लेखी घ्यावं आणि कुणी लेखी देत नसेल तर ते ठरलेलंच नाही असं समजावं.

मेक्सिकोत २०१६ मध्ये एलएफए ही व्यावसायिक लीग सुरू झाली. तिच्याशी करार केला असता तर हौशी खेळाडू म्हणून त्याची पात्रताच धोक्यात आली असती. मित्रांचा आग्रह होता, तो बापाने मोडून काढला. बाप या बाबतीत हुशार.

मी सांगतोय ते माझ्या काळातले नियम. त्यानंतर बदल्यांचे नियम सैल झाले आणि २०२५ पासून विद्यापीठं खेळाडूंना थेट पैसेही द्यायला लागली. तेव्हा अर्ज करताना एनसीएएचं त्या वर्षीचं पुस्तक उघडायचं, माझ्यासारख्या मामाचं ऐकून बसायचं नाही.

व्हिसाचंही एक वेगळं गणित असतं. तो आणि मी दोघे एफ-१ या विद्यार्थी-व्हिसावर, त्यामुळे ते मला पाठ होतं. पदवीच्या विद्यार्थ्याने सत्राला किमान १२ क्रेडिट घ्यायलाच हवीत आणि त्या १२ मध्ये ऑनलाइन कोर्स एकच धरतात. संघातली बाकीची पोरं हंगामात ऑनलाइन कोर्स घेऊन मोकळी व्हायची. हा शुक्रवारी बसने सहा तास जाऊन, शनिवारी सामना आटोपून, रविवारी पहाटे परत येऊन सोमवारी आठच्या थर्मोडायनॅमिक्सला हजर. त्यातून एनसीएएचा दंडक: दुसऱ्या वर्षाअखेर पदवीचा ४० टक्के अभ्यास पुरा, तिसऱ्या वर्षाअखेर ६०, चौथ्या वर्षाअखेर ८०. मेक्सिकोतल्या सत्राची अर्धी क्रेडिट इथे धरलीच गेली नाहीत, त्यामुळे इंडस्ट्रियल इंजिनिअरिंगचा हा गडी कायम काठावर. सोपा विषय घे असं सल्लागाराने दोनदा सुचवलं. त्याने ऐकलं नाही. मला वाटतं तिथेच तो जिंकला, पण हे माझं मत. मी मास्तर पडलो.

पैशाचं सांगायचं तर पहिली साडेतीन वर्षं त्याला संघाकडून एक छदाम मिळाला नाही. अशा खेळाडूला ‘वॉक-ऑन’ म्हणतात: संघात आहेस, गणवेश मिळेल, फी तुझी तू भर. तेव्हा सर्वांत वरच्या स्तरावरच्या संघाला ८५ शिष्यवृत्त्या देता यायच्या आणि त्यांतली किकरच्या वाट्याला जेमतेम एक यायची. ही जागा यष्टिरक्षकासारखी असते. धोनी असताना बाकीचे यष्टिरक्षक काय करत होते? वाट बघत होते. मात्र परदेशी मुलांसाठी टेक्ससमध्ये एक वाट आहे: विद्यापीठाची किमान हजार डॉलरची स्पर्धात्मक शिष्यवृत्ती मिळाली तर बाहेरच्यांसाठीची वाढीव फी माफ होऊ शकते. त्याला अशी एक मिळाली, ती गणितातल्या गुणांवर, किकवर नाही. सीमेला लागून असलेल्या एल पासोच्या विद्यापीठात तर गरजू मेक्सिकन विद्यार्थ्यांना स्थानिकांएवढीच फी पडते. सीमेपलीकडची कितीतरी पोरं तिथे रोज पूल ओलांडून शिकायला येतात. कुठल्या संघाचा झेंडा मोठा हे बघण्याआधी कुठली फी छोटी हे बघावं.

आता पायाबद्दल, कारण भाच्याचा मूळ प्रश्न तोच होता.

सॉकरच्या पोराला पाय असतो यात शंका नाही. तिरकं धावत येऊन पावलाच्या वरच्या हाडाने मारायची ही पद्धत सॉकरमधूनच इकडे आली. हंगेरीत जन्मलेल्या पीट गोगोलॅकने कॉर्नेलमध्ये आणि १९६४ पासून बफेलोकडून ती रुजवली, त्याआधी सगळे बुटाच्या टोकाने सरळ हाणायचे. पण सॉकरमध्ये चेंडू तू ठेवतोस, वेळ तू घेतोस, भिंतीवरून वळवतोस. इथे सात-आठ यार्डांवरून एक जण वाकून दोन पायांमधून चेंडू मागे फेकतो, दुसरा, म्हणजे होल्डर, गुडघ्यावर बसून तो झेलतो, उभा करतो, त्याची शिवण खांबांकडे फिरवतो आणि मग तू. चेंडू निघाल्यापासून किक लागेपर्यंत साधारण १.३ सेकंद. त्याहून उशीर झाला की समोरच्या धिप्पाड माणसांचे हात येतात. म्हणजे ही तिघांची मिळून एक किक असते आणि चुकली की नाव तुझं. आमचा पातेआदोर त्या दोघांचे वाढदिवस विसरायचा नाही.

दोन खांबांमधलं अंतर विद्यापीठात १८ फूट ६ इंच, एनएफएलमध्येही तेवढंच, पण अमेरिकन शाळांमध्ये २३ फूट ४ इंच. शाळेत चेंडूखाली दोन इंचांपर्यंतचा ठोकळा ठेवू देतात, विद्यापीठात फील्ड गोलला तो १९८९ पासून बंद, चेंडू थेट जमिनीवर. म्हणून शाळेतला व्हिडिओ भारी दिसतो आणि विद्यापीठात तोच मुलगा चाचपडतो. अंतर मोजायचं ते असं: चेंडू जिथून खेळला जातो त्यात १७ यार्ड मिळवायचे, दहा मागच्या पट्ट्याचे आणि सात होल्डरपर्यंतचे. आणखी एक गोष्ट टीव्हीवर लक्षात येत नाही. मैदानावर हॅश नावाच्या खुणांच्या दोन ओळी असतात, किक त्यांच्या आतूनच सुरू होते. एनएफएलमध्ये त्या ओळी खांबांच्या रुंदीएवढ्या जवळ, विद्यापीठात ४० फूट लांब. त्यामुळे विद्यापीठाच्या किकरला कोन फार वाईट मिळतात, जवळून तर जास्तच.

त्याची पहिली खरी किक मी पाहिली ती ऑक्टोबर २०२०. करोनामुळे स्टेडियममध्ये चतुर्थांश माणसं, मधल्या खुर्च्यांवर पट्ट्या बांधलेल्या. ३८ यार्ड, डावा हॅश, समोरून वारा. चेंडू छान उठला आणि मग डावीकडे असा वळला जणू कुणी दोरीने ओढला. आम्ही दोन गुणांनी हरलो आणि फील्ड गोलचे गुण तीन. त्याचं हेल्मेट तसंच डोक्यावर. बाजूच्या रेषेवर सराव-जाळ्याजवळ तो एकटा उभा होता आणि शंभरेक माणसांतलं कुणी त्याच्याजवळ गेलं नाही. वाळीत टाकल्यासारखं. नंतर त्याने सांगितलं की ती रीतच आहे. चुकलेल्या किकरशी कुणी बोलत नाही आणि त्यालाही ते हवं असतं.

सोमवारी तो वही घेऊन आला. संख्याशास्त्राच्या कोर्सला प्रकल्प करायचा होता, त्यासाठी त्याने दोन वर्षांच्या सरावातली प्रत्येक किक लिहून ठेवली होती: अंतर, हॅश, वारा, लागली की नाही. मी वहीला हात लावू शकत नव्हतो, फक्त प्रश्न विचारू शकत होतो. मग विचारत बसलो. डावा हॅश वेगळा काढ. आता वाऱ्याचे दिवस वेगळे काढ. तासाभराने कागदावर जे उरलं ते बघून तो गप्प झाला. चाळीस यार्डांच्या आतल्या त्याच्या चुका निम्म्याहून जास्त एकाच कोपऱ्यातल्या होत्या, डाव्या हॅशवरून वाऱ्याविरुद्ध. उजव्या पायाने मारणाऱ्याचा चेंडू मुळात डावीकडे झुकतो, हे त्याला ठाऊक होतंच. पण किती, ते आत्ता दिसलं. त्या आठवड्यात त्याने धीर करून प्रशिक्षकांना कागद दाखवला. पुढे शेवटच्या मिनिटांत किक येणार असेल तर आधीचा डाव मधोमध किंवा उजवीकडे खेळायला लागले. सगळीकडेच किकरला विचारून असं करतात, फक्त किकरला आपलं उत्तर माहीत हवं.

त्या २०२० च्या हंगामाची एक मेहेरबानी म्हणजे एनसीएएने तो कुणाच्याच हिशोबात धरला नाही. घड्याळात एक वर्ष परत आलं. तोपर्यंतच्या सगळ्या कागदी पिडेची भरपाई करोनाने करावी, हे फार विचित्र होतं.

१ जुलै २०२१ पासून खेळाडूंना आपल्या नावावर पैसे कमवायची मुभा मिळाली. त्याच्या होल्डरचा फोटो पिकअपच्या शोरूमवर लागला. त्याला मात्र एफ-१ व्हिसामुळे काम म्हणून यातलं काहीच अमेरिकेत करता येईना. एका टाकेरियाने, म्हणजे टाकोच्या खानावळीने, वर्षभर फुकट जेवणाच्या बदल्यात जाहिरात मागितली होती, तेही नाही. त्या टाकेरियात पुढे आम्ही दोघे पदरचे पैसे देऊन जेवायचो, कारण तोवर तो माझा विद्यार्थी राहिला नव्हता आणि मला त्याच्याबरोबर बसून खायची कायद्याने परवानगी होती. मॉन्टेरेकडची टॉर्टिया गव्हाची असते. त्याच्या आईने पाठवलेल्या टॉर्टिया मी तव्यावर तूप लावून भाजल्या, तर त्याने वाळवलेल्या मटणाची तयारी बाजूला ठेवून नुसत्या तशाच चार खाल्ल्या.

शिष्यवृत्ती मिळाली ती ऑगस्ट २०२२ मध्ये. संघाने उचलून घेतलं, आईचा व्हिडिओ कॉल वगैरे, असा इंटरनेटवर असतो तसा काही प्रकार नाही. कॉरिडॉरमध्ये एका माणसाने कागद पुढे केला आणि म्हणाला, इथे सही कर, दुपारी ऑफिस बंद होतं. मे २०२३ मध्ये पदवी घेतली. एनएफएलचा फोन आला नाही, त्याची वाट बघण्यात त्याने फार दिवस घालवलेही नाहीत. आता मॉन्टेरेजवळच्या एका कारखान्यात उत्पादनाचं नियोजन बघतो आणि शनिवारी प्रेपाच्या पोरांना किक शिकवतो.

कोल्हापुरातून हे जमेल का? मेक्सिकोच्या पोराला निदान गावात हेल्मेटवाला संघ असतो, होल्डर असतो, खरा चेंडू असतो. आपल्याकडे त्यातलं फारसं काही नाही, त्यामुळे थेट उडी फार अवघड आहे, हे मी भाच्याला स्पष्ट सांगितलं. जास्त शक्यतेची वाट म्हणजे गुणांवर प्रवेश घ्यायचा आणि तिथे गेल्यावर संघाच्या निवडचाचणीला उभं राहायचं. तोवर ईमेल करायचीच असेल तर मुख्य प्रशिक्षकाला करू नये, तो वाचत नाही. ‘स्पेशल टीम्स’, म्हणजे किकचे डाव, बघणाऱ्या प्रशिक्षकाला करावी. व्हिडिओ एकाच कॅमेऱ्याचा, मागून घेतलेला, न कापलेला, चुकलेल्या किकांसकट. उन्हाळ्यात अमेरिकेत किकरांची खास शिबिरं भरतात, तिथे फी काहीशे डॉलर असते. प्रशिक्षक त्यांच्या क्रमवारीकडे बघतात, पण तिथे जायचं विमानाचं भाडं वेगळं.

भाच्याने हे सगळं ऐकून परवा व्हिडिओ पाठवला. बारा सेकंदांचा, मागे गाणं, चेंडू सॉकरचा, आणि प्रत्येक किक आत. मी पातेआदोरला पुढे धाडला. त्याचं उत्तर आलं: पाय चांगला आहे, गाणं काढ, वीस किक सलग पाठव. मी ते भाच्याला कळवलं आणि सोबत नववीच्या गुणपत्रिकेचा फोटो मागितला.

"नववीचं कशाला, मामा?"